घाटाच्या काठावरची नर्सरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की गावाचे नाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?’ बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. ही विभागणी आजची नाही. मोगलांच्या काळापासून वऱ्हाडाचे बालाघाट आणि पायनघाट असे दोन भाग मानले जात. राज्ये गेली, कागद बदलले, पण शब्द लोकांच्या तोंडी राहिले.

माझी रोपवाटिका या दोघांच्या मध्ये, म्हणजे ऐन घाटाच्या काठावर आहे. जागा जेमतेम अर्धा एकर. एक विहीर, हिरव्या जाळीचे दोन मांडव आणि दहा-बारा हजार पिशव्या, एवढाच संसार. मात्र जागा अशी आहे की पावसाळ्यात माझ्या एका बांधावरून उतरलेले पाणी पैनगंगेला मिळते आणि गोदावरीच्या वाटेने पूर्वेच्या समुद्राला जाते. दुसऱ्या बांधावरचे पाणी राजूर घाटाच्या बाजूने खाली उतरून नळगंगेत, पूर्णेत, तापीत आणि शेवटी पश्चिमेच्या समुद्रात जाते. गिऱ्हाईकही तसेच दोन दिशांनी येते. घाटावरचा शेतकरी मुरमाड, हलक्या जमिनीसाठी झाड मागतो. घाटाखालचा, विशेषतः पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी विचारतो, ‘आमच्या खाऱ्या पाण्यात काय टिकन?’ त्याला मी करंज, कडुनिंब, बाभूळ देतो. आंब्याची आशा लावून त्याचे पैसे घेण्यात अर्थ नसतो.

मी फक्त इथल्या रानातली झाडे वाढवतो. शोभेची झाडे, कलमी गुलाब माझ्याकडे नाहीत. लोकांना वाटते, नर्सरीचे वर्ष मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते. तसे नसते. आमचे वर्ष सुरू होते दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की. त्या दिवसांत आवळा, बेहडा, खैर यांची फळे आणि शेंगा पिकू लागतात. सकाळी पोते आणि आकडी घेऊन बांधाबांधाने फिरायचे. कोणत्या शेतात कोणते झाड आहे, त्याचे बी भरलेले असते की पोकळ, याची वही मी ठेवतो. धावड्याचे उदाहरण घ्या. झाड फळांनी लगडते, पण त्यातल्या बहुतेक फळांत बीच नसते. पोतेभर पेरावे तेव्हा मूठभर उगवते. बेहड्याची बी शेणकाल्यात भिजत ठेवली की बरी रुजते. बाभळीची बी तर मी झाडाखाली वेचतच नाही. धनगरांची मेंढरे-शेळ्या शेंगा खातात आणि बी वाड्यात पडते. शेळीच्या पोटातून आलेली ती बी भराभर उगवते. एका मेंढवाड्यातून पायलीभर बी मिळते आणि वर लेंडीखत.

पौष-माघात पिशव्या भरण्याचे काम. पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि नदीची वाळू चाळून एकत्र करायची. हे काम दिसते सोपे, पण पिशवीत पोकळी राहिली की मूळ तिथेच वाळते. माझे वडील आज ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतात, तरी पिशवी ते भरतात तशी मला अजून भरता येत नाही. पिशवी दोनदा आपटायची, तिसऱ्यांदा अंगठ्याने दाबायची. हे ते चाळीस वर्षांपूर्वी शिकले. कुठे शिकले, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले आणि पूर्णेच्या खोऱ्यातली होती-नव्हती ती पडीक जमीन नांगराखाली गेली. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे सरकली आणि 1867 साली नागपूरला पोहोचली. खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा होता की जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा खास त्याच्यासाठी टाकला गेला आणि 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. कापसाची ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण त्या कापसाला जागा देण्यासाठी काय तुटले, हे पुस्तकात सहसा नसते. रुळांखाली स्लीपर लागत, बांधकामाला आणि चुलीला लाकूड लागे. सपाटीवरची झाडे संपली की कुऱ्हाडीने घाट चढायचा, हे ठरलेलेच होते.

मग सरकारलाच जंगलाची काळजी वाटू लागली. 1886 च्या वऱ्हाडच्या वनकायद्यानंतर इथल्या रानांचे वर्ग पडले. ‘अ’ वर्ग इमारती लाकूड आणि जळणासाठी, ‘ब’ वर्ग गवताच्या रमण्यांसाठी आणि ‘क’ वर्ग गुरे चरण्यासाठी. कोणत्या डोंगरावर झाड राहायचे आणि कोणत्या डोंगरावर नुसते खूर फिरायचे, हे त्या कागदाने बरेचसे ठरवून टाकले. आजही आमच्याकडे गावच्या गायरानाला कोणी गायरान म्हणत नाही, ‘ई-क्लास’ म्हणतात. अक्षर न ओळखणारी म्हातारी बाईसुद्धा ‘गुरं ई-क्लासात नेली’ असे सांगते. इंग्रज गेला, पण त्याची बाराखडी आमच्या डोंगरावर चरत राहिली, असे मला कधीकधी वाटते.

राखीव राहिले तिथे आजही थोडे जंगल आहे. खामगाव-बुलडाणा रस्त्यावर बोथ्याचा घाट लागतो, त्याच्या दोन्ही अंगांचे रान 1997 साली ज्ञानगंगा अभयारण्य झाले. दोनशे पाच चौरस किलोमीटर म्हणजे काही फार नव्हे. पण 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला गळपट्टावाला तरुण वाघ शेकडो कोसांची पायपीट करून अखेर विसाव्याला आला तो इथेच. हिंगोली, वाशीम, अकोला, तेलंगणातला आदिलाबाद असे किती जिल्हे त्याने पालथे घातले. त्याच्या पायांना कुठे आडोसा मिळाला आणि कुठे नाही, याचा नकाशा काढला तर तो दीडशे वर्षांच्या वृक्षतोडीचाच नकाशा होईल.

चरण्याच्या रानाचे मात्र हाल झाले. 1899-1900 चा मोठा दुष्काळ, नंतर वाढती वस्ती, वाढती गुरे आणि शेवटी 1972 चा दुष्काळ. त्या वर्षीची सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे अजून गावोगाव आहेत. माझे वडील त्यातलेच एक. खडी फोडून त्यांनी ते वर्ष काढले. 1982 साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले आणि आमच्या भागात रोपवाटिका निघाली, तेव्हा ते तिथे रोजंदारीवर लागले. पिशवी भरायला ते तिथे शिकले. मी शाळेतून सुटलो की त्यांचा डबा घेऊन जायचो आणि झारीने पाणी घालायचो.

त्या वाफ्यांत काय होते? सुबाभूळ, निलगिरी आणि उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प. सुबाभूळ मूळची मेक्सिकोची. 1970 च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी तिचा देशभर प्रसार केला. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, उंदीरमारी मध्य अमेरिकेची. तिन्ही झाडे लवकर वाढणारी. उंदीरमारीला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या डोंगरावर ती टिकते. वडिलांच्या हातून अशी किती हजार रोपे गेली असतील, त्याची गणती नाही.

मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, थोडी वर्षे नोकरी केली आणि परत येऊन ही नर्सरी काढली. तेव्हा तरुण होतो, डोक्यात वाचलेले ताजे होते. उंदीरमारीच्या रानात पाखरू घरटे करीत नाही, खाली गवत धड वाढत नाही, असे मी वडिलांना तावातावाने सांगितले. म्हणालो, ‘बाबा, तुम्ही लोकांनी डोंगर हिरवा केला, पण मुका केला.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तवा डोंगर उघडा होता. सरपनाले काडी नव्हती. तुही माय दोन कोस जाऊन मोळी आनत होती. तिच्या डोक्यावरची मोळी उतरवली त्या सुबाभळीनं. आता तुह्या घरात गॅस हाये, म्हून तुले पाखरू आठवते.’

या उत्तराला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. इतिहास वाचताना आपण फार सहज निकाल देतो. अमुक चुकले, तमुक मूर्ख होते. पण ज्याच्या चुलीत त्या दिवशी काडी नव्हती त्याच्या जागी उभे राहून पाहिले की निकाल लिहिणारा हात जरा थांबतो.

मात्र त्यामुळे प्रश्न मिटत नाही. ज्या झाडाने एक पिढी तगवली त्याच झाडाने पुढची शंभर वर्षे डोंगर भरावा का, हा प्रश्न उरतोच. लोणारला जे झाले ते डोळ्यांपुढे आहे. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवराच्या काठावर परदेशी वेड्या बाभळीने असा वेढा घातला की ती काढून टाकण्याची मोहीम वनखात्याला हाती घ्यावी लागली. हे झाड 1870 च्या दशकात जळणासाठी आणि उजाड जमिनी झाकण्यासाठी हिंदुस्थानात आणलेले. आणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तोडणाऱ्यांना मात्र पुरे पडता येत नाही.

‘देशी’ म्हणजे काय, हेही वाटते तितके सोपे नाही. माझ्याकडे येणारे लोक सर्वांत जास्त मागणी करतात ती सीताफळाची. आमच्या घाटाच्या उतारावर ते रानोमाळ उगवते, नावात सीता आहे, मग ते परके कसे? पण वनस्पतिशास्त्र सांगते की ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. चिंच त्याहून पुष्कळ जुनी, पण तीही मूळची आफ्रिकेची. मी दोन्ही ठेवतो. जे आले, राहिले, इथल्या पाखरांशी आणि माणसांशी ज्याची सोयरीक जुळली आणि ज्याने दुसऱ्याला हुसकावले नाही, त्याला मी परके म्हणत नाही. पाटीवर ‘देशी झाडे’ असे लिहिले असले तरी माझी खरी कसोटी ही आहे.

उन्हाळा हा आमचा परीक्षेचा काळ. चैत्रात करंज, अर्जुन, बहावा यांचे बी गोळा होते, वैशाखात पळस. एका बाजूला बी गोळा करायचे आणि दुसऱ्या बाजूला मांडवाखालची पिल्ले जगवायची. विहिरीचे पाणी रोज वीतभर खाली जाते. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे हलले त्यावरून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. शास्त्र त्याला मानत नाही आणि मीही त्यावर पिशव्यांचा हिशेब करत नाही. पण त्या दिवशी माझा फोन सकाळपासून वाजत असतो. भाकीत चांगले असले की रोपांची विचारणा वाढते. पावसाआधी माणसाला कुठूनतरी धीर हवा असतो.

जून लागला की घाईच घाई. मोहाची फळे आणि निंबोळी याच दिवसांत पिकतात, आणि त्यांचे बी साठवून ठेवता येत नाही. दोन-तीन आठवडे गेले की जीव गेलाच म्हणून समजा. गोळा केले, धुतले की पेरायचे. त्याच वेळी दारात गाड्या उभ्या असतात. 1950 साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळा म्हणजे रोपे लावण्याचा सण झाला आहे. महाराष्ट्रात 2016 साली दोन कोटी रोपांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि 2019 साली तेहतीस कोटी. आकडे वाढत गेले तसे माझ्यासारख्या लहान नर्सरीवाल्यांकडेही लोक येऊ लागले.

त्याच काळातली एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. एका ठिकाणाहून मला मोठी मागणी आली. झाड कोणतेही चालेल, उंची दोन फूट हवी आणि आठ महिन्यांत हवी. अंजन आठ महिन्यांत वर फारसा दिसत नाही, तो आधी जमिनीत शिरतो. धावडा बोटभर होतो. एवढ्या वेळात दोन फूट होणारे झाड एकच, उंदीरमारी. आदल्या उन्हाळ्यात विहीर आटली होती, निम्मी रोपे गेली होती, उधारी डोक्यावर होती. मी ते काम घेतले. ज्या झाडावरून मी वडिलांशी भांडलो होतो, त्याच झाडाची कांडी मी मांडवाखाली लावली. वडील पिशव्या भरायला बसले. एक शब्द बोलले नाहीत. शेवटची गाडी गेली तेव्हा एवढेच म्हणाले, ‘आता समजलं ना, झाड निवडनारा मानूस वाफ्यावर नसते.’

त्यानंतर मी एक नियम केला. मागणी कोणतीही असो, मांडवाचा एक भाग अंजनाचा.

अंजन हे आमच्या कोरड्या डोंगराचे खरे झाड. भर उन्हाळ्यातही गुरांना ज्याचा पाला चालतो, ज्याच्या सालीचे दोर वळत, ज्याचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. पण त्याला भरघोस बी दरवर्षी येत नाही. तीन-चार, कधी पाच वर्षांनी एकदा. शिवाय त्याचे सोटमूळ इतक्या वेगाने खाली जाते की पिशवीच्या तळाशी जाऊन गुंडाळते आणि असे रोप लावले तर पुढे झाड उभे राहत नाही. पहिल्या वर्षी मी तीनशे बिया लावल्या आणि दुसऱ्या पावसाळ्याअखेर चाळीस रोपे हाती राहिली. आता लांब पिशव्या वापरतो, दर पंधरा दिवसांनी सरकवतो, आणि जमेल तिथे रोप न देता बीच देतो. नर्सरीवाल्याने गिऱ्हाइकाला ‘रोप घेऊ नका, बी टोका’ असे सांगणे धंद्याला बरे नाही. पण या झाडाचे तसेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी अंजन भरला. चपट्या शेंगा वाऱ्याबरोबर गिरक्या घेत खाली येत होत्या. वडिलांना डोंगर चढवत नाही, म्हणून त्यांना मोटारसायकलवर बसवून पायथ्याशी नेले. ते खाली सतरंजीवर बसले आणि मी आणलेल्या शेंगांतून भरलेल्या वेगळ्या काढू लागले. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर आमच्या गावच्या ई-क्लासवर, जुन्या उंदीरमारीच्या सावलीत, शाळेच्या पोरांनी ते बी टोकले. होय, उंदीरमारीच्याच सावलीत. चाळीस वर्षांत तिथे पाचोळा साचून बोटभर माती तयार झाली आहे. त्या जागी पूर्वी नुसता खडक होता. ती माती वडिलांच्या रोपांनी केलेली आहे, हे मला पोरांना सांगावे लागले, आणि सांगताना थोडा संकोचही वाटला.

श्रावणात जाऊन पाहिले तेव्हा बरेच कोंब वर आले होते. प्रत्येकाला दोन-दोन पाने, गाईच्या खुरासारखी. घरी येऊन वडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, ‘किती?’ मी म्हटले, ‘मोजले नाहीत, बाबा.’ ते म्हणाले, ‘आता नोको मोजू. पुढच्या उन्हाळ्यानंतर मोज.’